चाकाला खाली जायला जागा

पहिल्यांदा तो आवाज आला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर. पुढची चाकं वर चढताना काही नाही, उतरताना मात्र उजवीकडून ‘टक्’. कोरडा आवाज, हातोडीनं लोखंडावर एकच घाव घालावा तसा. त्याच्या तीन आठवडे आधी मी पुढच्या दोन्ही स्प्रिंगांच्या वेटोळ्यांमध्ये रबरी बफर बसवून घेतले होते. गाडी वीस मिलिमीटर वर उचलली गेली होती आणि उभी असताना दिसायलाही छान दिसत होती.

गाडी म्हणजे २०१४ ची डिझेल स्विफ्ट. माझा ठिबक सिंचनाच्या साहित्याचा धंदा. काटोल, नरखेड, वरुड या संत्र्याच्या पट्ट्यात आठवड्यातून चार दिवस तरी जावंच लागतं. डांबरी रस्ता संपला की पांदण सुरू होते. पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात आणि उन्हाळ्यात त्याच चाकोऱ्या वाळून विटेसारख्या टणक होतात. शिवाय महिन्यातून एक-दोनदा समृद्धीनं छत्रपती संभाजीनगर, तिथे ताशी १२० ची मुभा. एकाच गाडीकडून ही दोन्ही कामं करून घ्यायची होती. घरच्यांनी, मित्रांनी, सगळ्यांनी सांगितलं की उंच गाडी घे. पण ही गाडी मला मनापासून आवडते. तिचं स्टिअरिंग हातात बोलतं. आणि रॅलीच्या गाडीला असतं तशा धर्तीचं सस्पेन्शन आपल्या रोजच्या गाडीला करून घ्यायचं हे कित्येक वर्षं मनात होतं.

आवाज घेऊन मी नागपुरातल्या काटोल नाक्याकडच्या माझ्या मिस्त्रींकडे गेलो. वय साठीच्या पुढे, जिप्सीचे पाटे उतरवण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. मी त्यांना काका म्हणतो, ते मला भाऊ. त्यांनी पुढची बाजू जॅकवर घेतली, चाक लोंबकळू दिलं, खाली वाकून स्प्रिंगवरून हात फिरवला आणि म्हणाले, “भाऊ, गाडी उचलली तुम्ही, पण चाकाले खाली जायले जागाच नाई ठेवली. गाडी उभी हाय तवाच शॉकअप अर्धा वर येऊन राह्यला. चाक जरासं लटकलं का दांडा संपते. तोच ठोका हाय हा.”

खरं सांगतो, तोवर मी सस्पेन्शनचा विचार फक्त एका दिशेनं केला होता. खड्डा येतो, चाक वर जातं, गाडी आपटते, म्हणून गाडी उंच करा. चाक खालीही जातं, खड्ड्यात उतरतं, उंचवट्याच्या पलीकडे जमिनीचा पाठलाग करतं, हे ध्यानातच घेतलं नव्हतं. शॉकॲब्सॉर्बरच्या, म्हणजे आपल्या शॉकअपच्या, दांड्याची चाल ठरलेली असते. स्प्रिंगमध्ये बफर घालून गाडी वीस मिलिमीटर उचलली की तेवढीच चाल खालच्या बाजूची कमी होते. मोजलं तेव्हा मूळ गाडीत चाक उभ्या स्थितीपासून ७० मिलिमीटर खाली जात होतं, बफर घातल्यावर ५०. शिवाय बफरनं स्प्रिंगची दोन वेटोळी जखडून टाकली होती, त्यामुळे स्प्रिंग कडकही झाली होती. बफर त्याच दिवशी काढले.

घरी येताना मला नाशिक आठवलं. काही वर्षांपूर्वी मी ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ बघायला गेलो होतो. मातीच्या एका वळणावर तासभर उभा होतो. गाड्या समोरून गेल्या तेव्हा मला फक्त वेग आणि धूळ दिसली. मोबाइलमध्ये घेतलेला व्हिडिओ मात्र मी नंतर हळू करून पुनःपुन्हा पाहिला. चाकं वेड्यासारखी खालीवर होत होती आणि वरचं धूड जवळजवळ एका रेषेत चाललं होतं. हवेत उडालेल्या गाडीची चाकं लांब खाली लोंबली होती, जमीन कधी येते याची वाट बघत. गौरव गिलनं महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० सारख्या उंच आणि जड गाडीतून राष्ट्रीय पातळीवरच्या रॅल्या जिंकल्या, तेव्हा अनेकांना नवल वाटलं होतं. मातीवर बुटकी आणि कडक गाडी उपयोगाची नसते. तिथे लागते चाकाला लांब चाल, आणि त्या चालीला लगाम घालणारा शॉकअप. डांबरी रॅलीसाठी त्याच गाड्या खाली बसवतात आणि कडक करतात. आपल्याकडे रॅलीचं सस्पेन्शन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यापुढे ही दुसरी गाडी येते. माझ्याही आली होती.

मग मी रीतसर कामाला लागलो. पहिली गरज होती वजनाची. कळमन्याकडच्या एका धर्मकाट्यावर सकाळी सहाला, ट्रकांची रांग लागायच्या आत, गाडी नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. पुढे ६५० किलो, मागे ४२०. काटा दहाच्या पटीत दाखवतो, तेवढी ढिलाई धरायची. पुढच्या एका चाकावर ३२५ किलो येतात. त्यातून चाक, ब्रेक, हब आणि आर्मचा काही भाग असे अंदाजे ३५ किलो वजा केले, कारण ते स्प्रिंगच्या खाली असतात. राहिले २९० किलो. हे एका पुढच्या स्प्रिंगनं उचलायचं वजन.

स्प्रिंगचा कडकपणा मोजायला हिंगणा एमआयडीसीत एका ओळखीच्या कारखान्यात गेलो. तिथल्या प्रेसवर स्प्रिंग शंभर मिलिमीटर दाबायला २२० किलो लागले, म्हणजे मिलिमीटरला २.२ किलो. आता २९० ला २.२ नं भागलं की गाडीच्या वजनानं स्प्रिंग १३२ मिलिमीटर दबलेली असणार. या एका आकड्यावरून गाडी सेकंदाला किती हेलकावे खाईल तेही काढता येतं. १५.८ ला त्या मिलिमीटरच्या वर्गमुळानं भागायचं. १३२ चं वर्गमूळ साडेअकरा, उत्तर १.३७. मऊ, घरगुती गाडीला शोभणारा आकडा. या हिशेबात स्ट्रटचा, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाचा, तिरकेपणा धरलेला नाही, पण स्विफ्टच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहे. १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून सगळ्या जगानं उचललेली ती साधी रचना. तिच्यात चाक आणि शॉकअप जवळजवळ सारखंच अंतर चालतात, त्यामुळे फार चूक होत नाही.

काय घ्यायचं यावर महिनाभर गेला. स्वीडनचं ओलिन्स, हॉलंडचं रायगर ही नावं रॅलीवाल्यांच्या तोंडी असतात, पण किंमत माझ्या गाडीच्या किमतीला जाऊन भिडत होती. उंची कमीजास्त करता येणारे तयार कॉइलओव्हर, म्हणजे अंगावर स्प्रिंग चढवलेले शॉकअप, मिळत होते. त्यातले मी पाहिलेले बहुतेक गाडी खाली बसवण्यासाठी बनवलेले, आखूड चालीचे. घाट रोडवरच्या एका दुकानदारानं ‘स्पोर्ट’ लिहिलेल्या लाल स्प्रिंगा पुढे केल्या. कडकपणा किती, लांबी किती, विचारलं तर उत्तर नव्हतं. ज्या वस्तूचा आकडा सांगता येत नाही ती घ्यायची नाही, एवढं मी तिथेच ठरवलं.

शेवटी पुण्यातल्या एका वर्कशॉपशी फोनवर बोललो. ते रॅलीच्या गाड्यांचे शॉकअप बांधून देतात. मी गाडीचे फोटो पाठवतो म्हणालो. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “फोटो राहू द्या. चारही चाकांवरचं वजन सांगा, टायर सांगा आणि आठवड्यात किती किलोमीटर कच्च्या रस्त्यावर जाता ते सांगा.” मी सगळं सांगितलं आणि वर माझी मागणी ठेवली की पुढची स्प्रिंग मिलिमीटरला चार किलोची द्या. त्यांनी फोनवरच हिशेब मांडला, तो मी जसाच्या तसा वहीत लिहून घेतला. २९० भागिले ४ म्हणजे ७२. गाडी उभी असताना स्प्रिंग फक्त ७२ मिलिमीटर दबलेली राहणार. चाकाला मात्र आपण ८५ मिलिमीटर खाली जाऊ देणार. मग शेवटच्या तेरा मिलिमीटरमध्ये स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल होऊन खडखडणार, आणि चाकाला खाली ढकलायला तिच्यात जोरच उरणार नाही. ती सैल पडू नये म्हणून वर छोटी हेल्पर स्प्रिंग घालता येते, पण चाक जमिनीवर दाबून धरण्याइतकं बळ तिच्यात नसतं. २.९ किलोची घेतली तर गाडी शंभर मिलिमीटर दबते. ८५ खाली गेल्यावरही पंधरा शिल्लक राहतात. हेलकावे होतात सेकंदाला १.५८. मूळ गाडीपेक्षा ताठ, तरी पांदणीवर चाक जमीन सोडणार नाही.

काका जे जॅकशेजारी उकिडवे बसून बोलले होते तेच हे, फक्त आकड्यांत. मी २.९ ला हो म्हटलं.

शॉकअपबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खरा पैसा तिथे जातो आणि खरा फरकही तिथेच पडतो. गाडीला मूळचा असतो तो दुहेरी नळीचा. आत तेल, वरच्या भागात थोडा वायू, दोघांमध्ये पडदा नाही. पांदणीवर सहा-सात किलोमीटर सलग धावडलं की तेल तापतं, वायू त्यात मिसळतो, फेस होतो, आणि फेसाला रोखायची ताकद नसते. मे महिन्यात, नागपुरात पारा ४५ च्या वर गेलेला असताना, माझी गाडी बागेपर्यंत पोचेतो होडीसारखी डुलायला लागायची, त्याचं कारण हे. एकनळी शॉकअपमध्ये तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये सरकता पिस्टन असतो, त्यामुळे फेस होत नाही. शिवाय नळी थेट बाहेरच्या हवेला लागते, म्हणून लवकर निवते. ही कल्पना द कार्बों या फ्रेंच अभियंत्याची. जर्मनीच्या बिल्स्टाइननं ती घेतली आणि १९५७ मध्ये मर्सिडीजच्या रोजच्या गाड्यांत ती आली. म्हणजे यात नवलाईचं काही नाही. मला मिळाले ते एकनळीच, आणि पुढचे दोन उलटे बसवलेले. मॅकफर्सन स्ट्रटवर बाजूनं ताण येतो आणि बारीक दांडा वाकायची भीती असते. उलटा बसवला की तो ताण जाड नळी घेते. ती नळी बाहेरच्या खोळीत बुशांवर सरकते.

आतमध्ये पिस्टनवर पातळ पोलादी चकत्यांची चवड असते. तिला शिम म्हणतात. तेल त्या चकत्या वाकवून पलीकडे जातं. कुठली चकती किती जाड, यावर सगळा स्वभाव ठरतो. इथे एक गोष्ट मला उशिरा कळली. शॉकअपवाले हळू आणि जलद असं जे म्हणतात ते पिस्टनबद्दल, गाडीबद्दल नाही. ताशी शंभरनं जाताना लांब लाटेवर गाडी झुलते तेव्हा पिस्टन हळू चालतो. ताशी वीसनं सिमेंट रस्त्याची कड उतरताना तो सपकन चालतो. विदर्भात आपल्याला दोन्ही भरपूर आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता वर्षा-दोन वर्षांत लाटा घेतो. आणि शहरात सिमेंटचा रस्ता जिथे डांबराला किंवा गट्टूंना मिळतो तिथे पायरी. वर्कशॉपला मी हे दोन्ही लिहून पाठवलं. त्यांनी हळू चालीत धरून ठेवणारी आणि झटक्याला वाट देणारी चवड बांधली, यंत्रावर चालवून आलेख काढला आणि चारही शॉकअपसोबत पाठवला. डावा-उजवा एकमेकांवर ठेवून पाहिला, रेषा जुळत होत्या.

पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलं. चार शॉकअप, पुढच्या दोन स्प्रिंगा आणि वरची माउंटिंग मिळून १ लाख १८ हजार रुपये. मागच्या स्प्रिंगा मूळच्याच ठेवल्या. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई आहे, स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात, त्यामुळे पुढेमागे हवी तेव्हा एकटी स्प्रिंग बदलता येते.

बसवायला काकांना दीड दिवस लागला, आणि त्यातला अर्धा दिवस एकाच कामात गेला. नवा स्ट्रट चाकाला ९५ मिलिमीटर खाली जाऊ देत होता. काकांनी स्प्रिंग न घालताच स्ट्रट चढवला, चाक पूर्ण खाली सोडलं, स्टिअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत वळवलं आणि मला म्हणाले, “आता हातानं चाक फिरवा.” फिरवलं. एका जागी येऊन ते अडायचं. अगदी थोडं, मनगटाला जाणवेल इतकंच, जणू आत कोणी बोट धरलं आहे. ॲक्सलचा आतला जॉइंट त्या कोनात दाटत होता. दुसऱ्या बाजूला वळवलं तर ब्रेकचा रबरी पाइप ताणून सरळ झालेला. रस्त्यावर हे एखाद्या खड्ड्यात झालं असतं तर काय, ते मी इथे लिहीत नाही. पुण्याला फोन केला. त्यांनी दांड्यावर घालायची दहा मिलिमीटरची कडी पार्सलमध्ये आधीच ठेवली होती. शॉकअप परत खोलायचं काम मात्र कसं करायचं ते त्यांच्याकडूनच ऐकत, नायट्रोजनचा दाब सोडून, परत भरून घेऊन, हिंगण्याच्या कारखान्यात करावं लागलं. चाल ८५ वर आली. ब्रेकचे पाइप थोडे लांब घातले. मग चाक पूर्ण वळवून फिरवलं, मोकळं फिरलं. ज्यांना स्वतः हे करायचं आहे त्यांनी एवढं एक काम वगळू नये.

आणखी एक बारीक गोष्ट काकांकडून शिकलो. लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, रबरी बुशांचे बोल्ट त्यांनी गाडी जॅकवर असताना फक्त हातानं लावले. गाडी खाली घेतली, बोनेटवर दाबून चार वेळा हलवली, गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर उभी केली, खाली उतरले आणि मग पान्यानं आवळले. हवेत आवळले तर रबर लोंबत्या स्थितीत जखडतं, गाडी उभी राहिली की कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. याआधी दुसरीकडे दोनदा माझे बुश बदलले गेले होते. दोन्ही वेळा वर्षाच्या आत फाटले होते.

अलाइनमेंटला कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, पुढे दोन्ही बाजूंना उणे एक अंश; टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं, शून्य. टायर तेच, १८५/६५ आर १५. बाजूची भिंत १२० मिलिमीटर उंच आहे आणि पांदणीवर पहिला धक्का तीच खाते, त्यामुळे मोठी रिम आणि चपटं टायर हा विचारही केला नाही. विमा कंपनीला लेखी कळवलं आणि पोच घेतली. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचून घेतलं. नोंदणीतल्या कुठल्याही तपशिलाला आपला बदल धक्का लावत नाही ना, हे प्रत्येकानं आपापल्या गाडीपुरतं पाहिलं पाहिजे.

यानंतर सुरू झालं ते मला सगळ्यात जास्त आवडलेलं काम, बसवलेल्या सस्पेन्शनला रस्त्याशी जुळवणं. मी एक फेरी ठरवली. काटोल नाक्याहून फेटरी, कळमेश्वर, अदाशाच्या गणपतीला हात जोडून सावनेर, आणि कोराडीवरून घरी. ऐंशी-नव्वद किलोमीटर. रविवारी सकाळी, त्याच वेगानं, टायरमध्ये तीच ३० ची हवा, एकट्यानं. पुढच्या नळीवर आणि मागच्या दांड्यावर एकेक प्लॅस्टिकचा केबल टाय आवळून बसवला. शॉकअप दबला की खोळ त्या टायला वर ढकलते आणि परत आली तरी टाय तिथेच राहतो. फेरी संपली की पट्टीनं मोजायचं, वहीत लिहायचं, टाय परत खाली सरकवायचा. दहा रुपयांची वस्तू, पण तिनं मला जेवढं सांगितलं तेवढं माझ्या बसण्याच्या जागेनं कधी सांगितलं नाही.

रिबाउंडचे, म्हणजे चाक खाली परतण्याचा वेग ठरवणारे, वीस क्लिक, म्हणजे खटके, होते. पूर्ण बंद म्हणजे शून्य, आकडा जितका लहान तितकं आवळलेलं. दहावर सुरुवात केली. कळमेश्वरच्या पुढे लाटांवर ताशी ऐंशीला गाडी वर यायची, बसायची आणि आणखी एकदा हलकेच उठायची. एक-दोन क्लिक आवळत पुढे सहावर आणि मागे पाचवर आलो. आता गाडी एकदाच उठत होती आणि बसून राहत होती. मला वाटलं, काम झालं. समृद्धीवर तर ती रुळावरून चालल्यासारखी गेली.

पुढच्याच आठवड्यात काटोलकडच्या एका बागेत गेलो. पांदणीवर ट्रॅक्टरनं बारीक बारीक आडव्या पन्हाळी पाडल्या होत्या, हातभर अंतरावर एकेक. पहिल्या पन्नास मीटरमध्ये गाडी छान होती. मग मागची बाजू कडक होत गेली, दगडासारखी, आणि बाजूला सरकायला लागली. मला खात्रीच वाटली की मागे स्प्रिंग जास्त ताठ झाली आहे. पण मागची स्प्रिंग तर मूळचीच होती. बागेत थांबून खाली वाकून पाहिलं. मागचा टाय पार टोकाला, बंप स्टॉपला, म्हणजे चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्याला, जाऊन चिकटला होता. पन्हाळी तीन बोटं खोल, आणि सगळी चाल संपलेली. हे गणित मला लागेना.

काकांना तिथूनच फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, किती आवळलं आणि कधी कडक झाली. “सुरुवातीले बरी होती ना? मंग चाक खाली येऊन नाई राह्यलं भाऊ. एका पन्हाळीत वर गेलं, खाली यायच्या आत दुसरी आली. असं चढत चढत वरच जाऊन बसलं. ढिलं करा.”

तसंच होतं. मी लाटांसाठी रिबाउंड इतका आवळला होता की चाकाला परत यायला वेळच मिळत नव्हता. प्रत्येक पन्हाळीला गाडी थोडी थोडी खाली खेचली जात होती आणि शेवटी बंप स्टॉपवर चालत होती. त्याला मी स्प्रिंगचा कडकपणा समजत होतो. म्हणजे जागा ठेवूनही चाक त्या जागेत पोचत नव्हतं. तिथेच, चिखलात गुडघा टेकून, मागे चार क्लिक सोडले, पाचावरून नऊवर. त्याच पांदणीवर परत गेलो. मागची बाजू मऊ झाली, सरळ राहिली, आणि टाय मोजला तर बंप स्टॉपच्या तीस मिलिमीटर अलीकडे थांबला होता. पुढेही एक क्लिक सोडला. रविवारच्या फेरीत लाटांवर गाडी आता किंचित, अगदी अर्धा श्वास, जास्त उठते. ते मी पत्करलं आहे. माझी रोजी पांदणीवर आहे.

मेमधली परीक्षा बाकी होती. दुपारी, रस्त्यावरचं डांबर चिकटत असताना, ओळखीच्या अकरा किलोमीटरच्या कच्च्या वाटेवर न थांबता गेलो. उतरल्यावर पुढच्या नळीला बोट लावलं, दोन मोजेपर्यंतही ठेववलं नाही. पण गाडी शेवटच्या किलोमीटरला पहिल्यासारखीच होती. मागे ठिबकच्या नळीची चार बंडलं आणि दोन माणसं असतील तर मागचे क्लिक नवावरून सातावर आणतो, घरी आलो की परत नऊ.

खर्चात आणखी नऊ हजार मजुरी, पाइप आणि अलाइनमेंटचे गेले. गाडी पुढून मूळ उंचीपेक्षा पंधरा मिलिमीटर वर आहे, म्हणजे बफर घालून होती त्यापेक्षा कमीच. तरीही ज्या दोन बागांच्या वाटेवर पूर्वी खालचा पत्रा घासायचा तिथे आता घासत नाही, कारण गाडी आपटून खाली बसतच नाही.

नवव्या महिन्यात गल्लीच्या तोंडाशी, त्याच गतिरोधकावर, उजवीकडून परत आवाज आला. या वेळी जरा बोदा, ‘टुक्’ असा. माझ्या पोटात गोळा आला. काकांनी चाक उतरवलं, स्ट्रट दोन्ही हातांनी धरून आडवा हलवला, नळीवरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. कोरडं ठणठणीत, वर लाल धुळीचा लेप. उलट्या स्ट्रटमध्ये नळी ज्या बुशांवर सरकते त्यांना ग्रीस लागतं, आणि पुण्याहून आलेल्या कागदावर ते लिहिलेलंही होतं. मी आलेख जपून ठेवला होता, तो कागद वाचलाच नव्हता. खोळ उघडून बुश पुसले, ग्रीस भरलं, धुळीच्या सीलची कड तपासली, ती शाबूत होती. डावीकडेही तेच केलं. संध्याकाळी गतिरोधकावरून तीनदा गेलो आणि आलो, खिडक्या खाली करून. वहीत लिहिलं : ग्रीस, दोन्ही बाजू, पुढचं पावसाळा संपल्यावर. पुढे ७, मागे ९, टाय खाली.